निम्म्या दरातले सॉफ्टवेअर आणि तपासणीचा खर्च

माननीय संपादक,
स. न.

‘एआयच्या मदतीने निम्म्या वेळात, निम्म्या दरात सॉफ्टवेअर करून देतो’ असे प्रस्ताव आता पतसंस्था, दवाखाने, व्यापारी पेढ्या आणि लहान कारखान्यांकडे येऊ लागले आहेत. वृत्तपत्रांतली चर्चा मात्र अजून ‘प्रोग्रामरच्या नोकऱ्या राहणार की जाणार’ याच प्रश्नाभोवती फिरते. नोकऱ्यांचे जे व्हायचे ते होईल. ज्यांच्या पैशांचा हिशेब या कोडवर चालणार आहे, त्यांची अडचण वेगळी आहे. कोड लिहिणे स्वस्त झाले हे खरे. तो तपासणे स्वस्त झालेले नाही. आणि दर निम्म्यावर आणताना पहिली कात्री बहुतेक वेळा तपासणीलाच लागते. कोटेशनमध्ये हे लिहिलेले नसते, म्हणून हे पत्र.

अगदी साधे उदाहरण घेऊ. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचा आधार जानेवारी २०१५ मध्ये पूर्ण थांबवला, तरी त्यात लिहिलेल्या हिशेबाच्या जुन्या प्रणाली काही ठिकाणी अजून निमूटपणे चालू आहेत. त्या पायथन या आजच्या भाषेत आणायच्या म्हटले तर एआय सहायक (सांगितल्यावर कोड लिहून देणारा प्रोग्राम) हे काम झपाट्याने करतो. जुनी फाइल दाखवली की काही मिनिटांत नवी फाइल तयार. जुन्या कोडमध्ये रक्कम पूर्ण रुपयात आणायला ‘राउंड’ नावाचे फंक्शन वापरलेले असते. पायथनमध्येही ‘राउंड’ आहे. सहायक एकाच्या जागी दुसरे बसवतो आणि कोड वाचणाऱ्यालाही काही खटकत नाही. पण फॉक्सप्रोचे राउंड १०२.५० चे १०३ करते, पायथनचे १०२. बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या पायथन जवळच्या सम संख्येकडे नेतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम १७० मात्र सांगते, की ५० पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा. म्हणजे नवा कोड उत्तम चालतो, फक्त कायद्याप्रमाणे चालत नाही. त्यात आणखी मेख अशी, की १०३.५० चे पायथनही १०४ च करतो. सम रुपयांवर नेमके ५० पैसे आले तरच चूक बाहेर येते. डेमोला चार बिले काढून दाखवली तर ती दिसण्याची शक्यता फारच कमी.

यावर उत्तर मिळते, ‘आम्ही टेस्टही (कोडचे उत्तर बरोबर येते का हे आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम) लिहून घेतो.’ कोणाकडून? त्याच सहायकाकडून, तोच कोड त्याला दाखवून. मग तो कोड जे करतो तेच बरोबर धरून टेस्ट लिहितो: १०२.५० दिले, १०२ आले, टेस्ट पास. पडद्यावर सगळे हिरवे. टेस्टमधली उत्तरे कोडच्या बाहेरून यायला हवीत. संस्थेच्या हिशेबनिसाने कागदावर लिहून द्यावीत: १०२.४९ ला १०२, १०२.५० ला १०३, १०२.५१ ला १०३, १०३.५० ला १०४, ०.५० ला १. अशा पाच ओळी आधी टेस्टमध्ये घालाव्यात आणि मग सहायकाला कोड लिहायला सांगावे. दुरुस्तीही अवघड नाही. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवावी किंवा पायथनचे डेसिमल (दशांश रक्कम अचूक ठेवणारा प्रकार) वापरून ‘राउंड हाफ अप’, म्हणजे अर्धा आला की वर, असा नियम स्पष्ट द्यावा. संगणकाच्या नेहमीच्या दशांश संख्यांत (फ्लोट) पैसे ठेवू नयेत, तिथे ०.१ अधिक ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, आणि वर्षभराच्या खतावणीत असे कण साचून ताळेबंद जुळेनासा होतो.

व्याजाच्या बाबतीत तर चूक कशाला म्हणायचे हेच आधी ठरवावे लागते. एक लाखाची ठेव, दर साल ८ टक्के, मुदत ९१ दिवस. वर्ष ३६५ दिवसांचे धरले तर व्याज १,९९४.५२ रुपये होते. ३६० दिवसांचे धरले तर २,०२२.२२, लीप वर्षात ३६६ धरले तर १,९८९.०७, आणि ‘९१ दिवस म्हणजे तीन महिने’ असे धरले तर सरळ २,०००. चारही सूत्रे जगात कुठे ना कुठे वापरात आहेत, म्हणून चारही सहायकाला ठाऊक असतात. तुमच्या संस्थेचे कोणते, हे त्याला ठाऊक नसते. विचारून घेण्याऐवजी तो बहुतेक वेळा एक निवडून मोकळा होतो, आणि असा आत्मविश्वासाने लिहितो की शंकाही येत नाही. मुदतपूर्व बंद केलेल्या ठेवीचा दर, ज्येष्ठ नागरिकांचा जादा दर, सुट्टीच्या दिवशी संपणारी मुदत, हे सगळे नियम आतापर्यंत व्यवस्थापकाच्या डोक्यात आणि जुन्या कोडमध्ये होते. ते उदाहरणांसकट साध्या मराठीत एका फाइलमध्ये लिहून प्रकल्पातच ठेवावे लागतात. सहायकाला प्रत्येक कामाआधी ती फाइल वाचायला लावता येते. हे लिहून काढण्याचे काम मात्र कोणताही सहायक वाचवत नाही. उलट आता ते टाळताच येत नाही.

आपल्याकडची म्हणून काही खास ठिकाणे आहेत. सर्व्हरवर वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत साठवण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. पण अहवाल काढताना भारतीय वेळेचे साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर १ एप्रिलला पहाटे दोन वाजता केलेले बिल ३१ मार्चला रात्री साडेआठचे ठरते आणि मागच्या आर्थिक वर्षात जाते. चोवीस तास उघड्या असणाऱ्या औषधांच्या दुकानाला किंवा पेट्रोल पंपाला हे परवडणारे नाही. १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ असे स्वल्पविराम येणे ही त्या मानाने किरकोळ गोष्ट, निदान डोळ्यांना तरी दिसते. मराठी नावांचा घोळ दिसतही नाही. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एक नुक्त्याचा ऱ वापरून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. शोधखिडकीत एका प्रकारे टाइप केले की दुसऱ्या प्रकारे नोंदवलेले सगळे सभासद गायब. युनिकोड या अक्षरसंकेताचे प्रमाणित सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची पद्धत) चालवले तरी हा भेद मिटत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. ‘मराठी नावांचा शोध लिहून दे’ एवढेच सांगितले तर सहायक हे आपणहून क्वचितच काढतो. नेमके सांगितले तर दोन मिनिटांत लिहून देतो. सांगायचे काय, हे माणसाला माहीत असावे लागते, इतकेच.

याचा अर्थ हे साधन वापरू नये असा मुळीच नाही. कागदपत्रे नसलेला, मूळ लेखक केव्हाच सोडून गेलेला जुना कोड समजावून घ्यायला याच्याइतका उपयोगी सोबती आजवर नव्हता. भरणा-फॉर्म, याद्या, अहवालांच्या क्वेरी, चाचणीसाठीचा खोटा डेटा यांत वेळ खरोखर वाचतो. फक्त कामाची रीत ठरलेली हवी. एका वेळी एकच लहान काम द्यावे, त्यासाठी गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) वेगळी ब्रांच, म्हणजे मूळ कोडला धक्का न लावणारी शाखा, काढावी. आधी कोड मागू नये. कोणत्या फाइली बदलणार आणि का, एवढेच विचारावे. ते पटले की लिहायला सांगावे. बदल दोनशे ओळींच्या आसपास थांबला तर माणूस तो खरोखर वाचतो. दोन हजार ओळी आल्या की नुसता खाली सरकवतो आणि ‘अप्रूव्ह’ दाबतो. टेस्ट नापास झाली तर सहायकाने कोड दुरुस्त केला की टेस्टच बदलली, हे मुद्दाम पाहावे. तसेच चूक पकडून गिळून टाकणारा ट्राय-कॅच नावाचा कोडचा तुकडा कुठे घुसला आहे का, तेही. सर्व्हर बंद पडत नाही म्हणून सगळे खूश असतात आणि आत नोंदी हरवत राहतात. दोन-तीन प्रयत्नांत बग गेला नाही तर त्याच संभाषणात हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. आधीच्या चुकलेल्या दुरुस्त्याही संदर्भ म्हणून त्याच्यासमोर पडून असतात आणि तो त्यांच्याच भोवती घुटमळतो. शेवटच्या चांगल्या कमिटवर (गिटमध्ये जतन केलेल्या टप्प्यावर) परत जावे आणि नवे संभाषण उघडून प्रश्न नव्याने, नेमका मांडावा.

दोन धोके जरा मोठे आहेत. सहायक कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे (इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या संचाचे) नाव सुचवतो. १६ एआय मॉडेलांकडून पावणेसहा लाखांहून अधिक नमुने लिहून घेतलेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुचवलेल्या पॅकेजांपैकी सुमारे पाचवा हिस्सा काल्पनिक निघाला. खुल्या (ओपन सोर्स) मॉडेलांत हे प्रमाण जास्त, व्यावसायिक मॉडेलांत बरेच कमी. यातली बरीच नावे पुन्हा पुन्हा तशीच येतात. म्हणजे कोणीही ते नाव आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवू शकतो. म्हणून पॅकेज बसवण्याची परवानगी सहायकाला देऊच नये. आधी पॅकेजांच्या नोंदणीस्थळावर जाऊन ते पहिल्यांदा कधी आले, किती आवृत्त्या निघाल्या, मूळ कोड कुठे आहे, हे बघावे आणि आवृत्ती लॉक फाइलमध्ये (कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती वापरायची याच्या यादीत) पक्की करावी.

दुसरा धोका संगणकावर स्वतः आज्ञा चालवणाऱ्या एआय एजंटांचा. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट कंपनीच्या एजंटने, बदल करायचे नाहीत अशी स्पष्ट सूचना असतानाही, जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि चाचणीचा व चालू डेटाबेस वेगळे ठेवण्याची व्यवस्था आणली. वाक्यात लिहिलेली सूचना म्हणजे कुलूप नव्हे. चालू डेटाबेसचा पासवर्ड एजंटच्या मशीनवर असताच कामा नये. त्याला डेटाबेसची प्रत द्यावी, तीही नावे, आधार क्रमांक आणि मोबाइल क्रमांक बदलून. खऱ्या ग्राहकांची माहिती बाहेरच्या सेवेत चिकटवणाऱ्यांनी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एकदा वाचावा. सुरक्षेत कसूर झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

राहिला वेगाचा मुद्दा. ‘निम्म्या वेळात’ हा आकडा सरसकट खरा नाही आणि सरसकट खोटाही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रामरना एक छोटा वेब सर्व्हर कोऱ्या पानापासून लिहायला दिला होता. कोपायलट हा एआय सहायक वापरणाऱ्यांनी तो सुमारे ५६ टक्के कमी वेळात लिहिला. अमेरिकेतल्या ‘मीटर’ या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्या स्वतःच्या, चांगल्या परिचयाच्या मोठ्या प्रकल्पांतली २४६ कामे दिली. तिथे एआय वापरता आले तेव्हा १९ टक्के वेळ जास्त लागला. काम संपल्यावरही ते सांगत होते, की एआयमुळे आपला २० टक्के वेळ वाचला. हा २० टक्क्यांचा चुकीचा अंदाज मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण प्रकल्प किती दिवसांत होईल याचा अंदाज हीच मंडळी देतात. नवे, सुटे काम आणि दहा वर्षे वाढत गेलेली प्रणाली यांना एकच दर लावणारे कोटेशन आले तर सावध राहावे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही प्रॅक्टिकलची रीत बदलायला हवी. जर्नल आणि सबमिशन पूर्वीही सीनियरकडून उतरवलेच जात होते, त्यामुळे एआयने तिथे काही पवित्र बिघडवले असे नाही. पण परीक्षेत एआयने लिहिलेला दोनशे ओळींचा कोड देऊन त्यात मुद्दाम पेरलेल्या तीन चुका शोधायला लावल्या, तर उद्या नोकरीत लागणारे काम आजच तपासले जाईल.

संस्थांच्या संचालक मंडळांना कोड वाचता येत नाही आणि त्याची गरजही नाही. करारात मात्र काही गोष्टी घालून घेता येतात. पूर्ण सोर्स कोड संस्थेच्या नावावरच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठवण-खात्यात) हवा. वापरलेल्या पॅकेजांची यादी हवी. हिशेबनिसाने लिहून दिलेल्या उदाहरणांच्या टेस्ट संस्थेसमोर चालवून दाखवाव्यात. बॅकअप घेतला जातो एवढे सांगून भागत नाही. रिकाम्या मशीनवर तो परत चढवून दाखवावा. आणि किमान एक महिना जुनी व नवी प्रणाली बरोबरीने चालवून रोजची बेरीज पैशापर्यंत जुळवावी. त्या महिन्यात तिमाही व्याज जमा होण्याचा दिवस येईल असे बघावे, आणि बिलाची शेवटची २० टक्के रक्कम त्या दिवसाची बेरीज जुळल्यावरच द्यावी.

— सॉफ्टवेअर व्यवसायातील एक वाचक, पुणे