जुन्या लेन्सच्या फोकस रिंगमध्ये तेल सोडू नका

महोदय,

ऍडॅप्टर लावून जुन्या लेन्स बसवता येणारे मिररलेस कॅमेरे आले आणि कपाटात तीस-चाळीस वर्षे पडून असलेल्या हाताने फोकस करायच्या लेन्स पुन्हा बाहेर निघू लागल्या. त्यांची फोकस रिंग बहुधा जाम असते. मग कोणीतरी सांगते, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा, नाहीतर गंज सोडवणारा स्प्रे मारा. हा सल्ला लेन्सचा घात करणारा आहे.

रिंग गंजून अडकलेली नसते, तिच्या आट्यांतले ग्रीस सुकलेले असते. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. वर्षानुवर्षांत तेल निघून जाते आणि आट्यांमध्ये गोंदासारखा चोथा उरतो. वरून सोडलेले पातळ तेल हा चोथा सैल करते, रिंग त्या दिवशी छान फिरते, पण तेल तिथे थांबत नाही. ते पसरत ऍपर्चरच्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवर जाते आणि भिंगांच्या आतल्या बाजूवर त्याचे धुके धरते. झेनिट कॅमेऱ्यावरची रशियन हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२, ८ पाती) हे तरी सोसते, कारण तिची पाती हाताने बंद करायची असतात. स्वयंचलित ऍपर्चरच्या लेन्समध्ये, उदाहरणार्थ पेंटॅक्सच्या सुपर-ताकुमारमध्ये, पाती स्प्रिंगवर क्षणात मिटावी लागतात. तेलाने ती एकमेकांना चिकटतात, शटर उघडेपर्यंत मिटतच नाहीत आणि फोटो पांढरा पडतो.

मग करायचे काय? आधी भिंगांचा गाभा संपूर्ण बाहेर काढायचा, आटे त्यानंतर. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा हवा. जपानी लेन्सच्या फुलीच्या स्क्रूंना जेआयएस (जपानी मानक) मापाचाच लागतो, साधा फिलिप्स डोके खाऊन टाकतो. हेलिओसच्या फोकस रिंगला कडेने तीन बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे, आत बुडणारे) असतात. ते हलत नसतील तर त्यांच्यावर रंगाचे सील आहे असे समजा. टूथपिकच्या टोकाने ऍसिटोनचा एक थेंब द्या आणि दहा मिनिटे थांबा. ऍसिटोन भिंगाच्या काठाला लागू देऊ नका. तिथला काळा रंग विरघळला की आत प्रकाश उधळतो आणि चित्र फिके येते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या हेलिकॉइड, म्हणजे फोकससाठी भिंगे पुढेमागे सरकवणारे आटे, सोडवताना. या आट्यांना बाटलीच्या झाकणासारखे एकच तोंड नसते, अनेक असतात, आणि आटा त्यातल्या कुठल्याही तोंडात तितक्याच सहज बसतो. लेन्स पूर्ण अनंतावर (सर्वात लांबच्या फोकसवर, रिंगवरच्या ∞ खुणेवर) आणून सुईने दोन्ही भागांवर रेघ ओढा. मग सावकाश उलटे फिरवा. ज्या क्षणी आटे सुटतात, नेमक्या त्याच जागी दोन्ही भागांवर दुसरी खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा. ही खूण राहिली तर जोडलेली लेन्स दिसायला ठीक दिसेल, पण अनंताचा फोकस जागेवर येणार नाही, आणि एकेक तोंड तपासत बसावे लागेल.

जुने ग्रीस लायटरमध्ये भरतात त्या नॅप्थाने आणि जुन्या टूथब्रशने काढा. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको. फडक्यावर काळे उमटणे थांबेपर्यंत धुवा. नवे ग्रीस हेलिकॉइडचेच, मध्यम घट्ट. गाडीचे ग्रीस किंवा व्हॅसलिन नको, उन्हाळ्यात त्यांचे तेल सुटते. तांदळाच्या दोन दाण्यांएवढे पुरते. पूर्ण टप्पा दहा-पंधरा वेळा फिरवा आणि बाहेर आलेले पुसून घ्या. पात्यांना मात्र कसलेच वंगण नको. ती कोरडीच चालतात.

शेवटी अनंत लावायचा. कॅमेऱ्यावर चित्र मोठे करून किमान किलोमीटरभर लांबच्या वस्तूवर फोकस करा (पुण्यात सिंहगडाचा टॉवर सोयीचा), ग्रब स्क्रू ढिले ठेवून फक्त बाहेरची रिंग अनंताच्या खुणेवर आणा आणि तिन्ही स्क्रू थोडेथोडे आळीपाळीने आवळा. त्याआधी ऍडॅप्टर तपासा. तो किंचित जाड असला तरी अनंत हुकतो. निकॉनच्या डीएसएलआरवर तर एम४२ (४२ मिमी आट्यांच्या माउंटची, हेलिओससारखी) लेन्स साध्या ऍडॅप्टरने अनंताला जातच नाही. एम४२ ला माउंटपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागते, निकॉनचे ४६.५ आहे, म्हणून लेन्स मिमीभर लांबच राहते. अशी लेन्स ‘बिघडली’ म्हणून उघडू नका.

बुरशीबद्दल थोडक्यात. मागून टॉर्च तिरपा धरला की ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. औषधांच्या दुकानातल्या ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तेवढेच पाणी घालून भिंग पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. त्यानंतरही ठसा उरला तर बुरशीच्या आम्लाने कोटिंग (काचेवरचा चमक रोखणारा पातळ थर) खाल्लेले आहे. ते घासू नका. कोटिंग सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचे असते, पॉलिशने ते जाईलच, शिवाय भिंगाचा गोलावाही बिघडेल. असा ठसा उजेडासमोर फोटो काढतानाच काय तो जाणवतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या जुन्या डब्यात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून काटा ४५ ते ५० टक्क्यांत राखा. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

जुन्या लेन्स विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांना एक विनंती. बिलावर नुसते ‘सर्व्हिस केली’ असे लिहू नये. हेलिकॉइड सोडवून ग्रीस बदलले की वरून तेल दिले, पाती कोरडी केली का, आणि कोटिंगवर ठसा उरला आहे का, एवढे तीन ओळींत लिहून द्यावे.

— लेन्स दुरुस्ती करणारा एक कारागीर, पुणे