सोमवारच्या आधी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर टीमची प्रमुख म्हणून तू करायच्या बदलांची यादी एका दमात वाचून दाखवलीस आणि मध्येच म्हणालीस की टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यालाही हे पद हवं होतं. यादी मी विसरले, ते गृहस्थ मात्र डोक्यातून जाईनात.

अभिमान आहेच गं. बाबांनी तुझ्या पदाचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि मावशीला न चुकता सांगितलं. पण सोमवारी सगळ्यांची बैठक घेण्याआधी त्यांना एकट्यांना भेट. सांत्वन नको, ते जिव्हारी लागतं. ‘हे पद तुम्हालाही हवं होतं, मला ठाऊक आहे’ असं सरळ बोल आणि कुठलं काम स्वतःकडे हवंय ते विचार. जे पाळता येणार नाही ते कबूल करू नकोस.

आमच्या विभागात नवे साहेब आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी ड्यूटीचा तक्ता बदलला. जुना तक्ता दिसायला वेडावाकडाच होता, नुसती खाडाखोड आणि बाण. पण एकीच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, दुसऱ्याची शेवटची गाडी लवकर सुटायची, असं सगळ्यांनी आपसात जमवून घेतलेलं. कुणी तोंड उघडलं नाही. ‘हो सर’ म्हणाले, आणि पुढे चूक डोळ्यांसमोर दिसली तरी ‘हो सर’च म्हणत राहिले. म्हणून आधी प्रत्येकाला वेगळं भेट. काय अडतंय, कशाला हात लावू नये, आधीच्या प्रमुखांनी कुणाला रजेचा, बढतीचा शब्द दिला होता का, सगळं विचार. आणि त्या प्रमुखांबद्दल वावगं बोलू नकोस.

झालं माझं व्याख्यान सुरू. रागावू नकोस, एवढं एकच ऐक. २००६ मध्ये अ‍ॅलन मुलाली बोईंग सोडून फोर्डचे प्रमुख झाले. कंपनी अब्जावधी डॉलर तोट्यात, आणि आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांचे तक्ते हिरवेगार, म्हणजे सगळं आलबेल! शेवटी त्यांच्या हाताखालच्या मार्क फील्ड्स यांनी लाल, म्हणजे अडचणीची खूण दाखवली. त्यांच्याकडच्या नव्या गाडीचं काम अडलं होतं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि याला मदत कोण करेल, म्हणून विचारलं. हे फील्ड्स म्हणजे ज्यांच्याकडे भावी प्रमुख म्हणून पाहिलं जात होतं तेच. २०१४ मध्ये मुलालींच्या जागी तेच आले. तुझे ते गृहस्थही उद्या पहिली वाईट बातमी तुझ्यापाशी आणू शकतील. पण आधी त्यांच्याशी बोललीस तरच ना?

तुझी यादी चांगली आहे, टाकून देऊ नकोस. महिनाभर बाजूला ठेव. लोक कधीपासून मागताहेत अशी एखादी छोटी गोष्ट मात्र लगेच करून टाक.

आणि रात्री जागू नकोस. मागच्या खेपेला काय करून घेतलंस, ते बाबा अजून बोलून दाखवत नाहीत. सोमवारी कितीही उशीर झाला तरी फोन कर. आम्ही जागेच असू.

तुझी,
आई