सातबारा शाबूत, विहीर कोरडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर माझा धाकटा भाऊ घणसोलीला आमच्याकडे आला, तेव्हा त्याने पिशवीतून मूठभर कापूस काढून माझ्या हातावर ठेवला. आमच्याच शेतातला. बोंड फुटून जेमतेम आठवडा झाला असेल, पण कापूस राखेत लोळवल्यासारखा करडा दिसत होता. चोळून पाहिला तर बोटे काळी झाली. ‘‘ताई, व्यापारी हातात घेते अन् म्हणते, याले भाव कोण देईल,’’ एवढेच तो म्हणाला.

माझे माहेर चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात. खुली कोळसा खाण सरकत सरकत आता आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आली आहे. गावात ज्यांच्या जमिनी खाणीत गेल्या त्यांना मोबदला मिळाला, काहींच्या घरात नोकरीही आली. ते पुरेसे होते की नाही, हा वेगळा विषय. मला लिहायचे आहे ते ज्यांची जमीन गेलीच नाही त्यांच्याबद्दल. कोळसा क्षेत्रासाठीच्या १९५७ च्या कायद्याने जमीन घेताना नकाशावर एक रेघ मारली जाते. रेघेच्या आतला तो प्रकल्पग्रस्त. बाहेरच्याचे नाव कुठल्याच यादीत नसते. पण धूळ त्या रेघेपाशी थांबत नाही, आणि विहिरीचे झरे तर जमिनीखालून खाणीकडेच वळतात.

आमची विहीर वडिलांनी खोदलेली, पंचेचाळीस फुटांची. ऐन मे महिन्यात तिच्यात दोन परस पाणी असायचे. आता फेब्रुवारीतच मोटार हवा ओढू लागते. खाण विहिरीपेक्षा कितीतरी खोल, त्यामुळे भोवतालचे पाणी तिच्यात उतरते आणि तिथले पंप रात्रंदिवस ते उपसून नाल्यात सोडतात. म्हणजे आमच्याच झऱ्यांचे पाणी आमच्या शेताच्या कडेने वाहत जाते आणि भाऊ ते पिकाला द्यायला धजत नाही, इतके ते गढूळ असते. पावसात नाला फुगला की तो गाळ रानात पसरतो. पाणी ओसरल्यावर काळ्या मातीवर करडा थर धरतो. खुरप्याने उचलला की खापरीसारखा तुकडा निघतो आणि त्याच्याखाली पिवळा पडलेला, वर येऊ न शकलेला कोंब दिसतो. गेल्या हंगामात भावाने तूर दोनदा पेरली.

नियम नाहीत असे नाही. खाणीतून नाल्यात सोडायच्या पाण्यात गाळाचे कण लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत हवेत, सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. दगडात गंधकाची खनिजे असली की हवा-पाणी लागून खाणीचे पाणी आम्लधर्मी होऊ शकते, म्हणून सामूचा आकडा मोलाचा. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे खाणीने पर्यावरण मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो सर्वांसाठी खुला असतो. मी भावाला विचारले, गावात कोणी पाहिला आहे का? असा काही अहवाल असतो हेच त्याला ठाऊक नव्हते.

तो अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. त्यात रेघेबाहेरच्या विहिरींची पाणीपातळी हवी, खाण सुरू होण्याआधीची आणि आजची. पातळी खाली गेली असेल तर त्या शेतकऱ्याला भरपाई आणि शुद्ध केलेले खाणीचे पाणी, दोन्ही मिळावे. काही ठिकाणी असे पाणी सिंचनाला दिलेही जाते, मग आमच्याकडे अडचण कसली? वरची कसदार माती वेगळी काढून जपावी, ती खाणीतून उपसलेल्या दगडमातीच्या डोंगराखाली गाडू नये. आणि हे डोंगर नदी-नाल्यांपासून लांब ठेवावेत. जुलै २०२२ च्या पुरात वर्धेकाठची गावे पाण्यात होती. पुराला पसरायची वाटच अडवली तर ते पाणी शेतात येणार, हे सांगायला अभियंता लागत नाही.

हे पत्र नवी मुंबईतून का, असे कोणी विचारील. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचे आहे. तिथल्या खाणींचा कोळसा तिथे जळतो आणि वीज राज्यभर जाते, आपल्याकडेही येते. दुसरे कारण इथल्या मातीतलेच आहे. आमच्या शेजारच्या आजोबांची भातशेती शहरासाठी गेली. जमिनी गेलेल्या इथल्या शेतकऱ्यांच्या १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा रस्ता खुला झाला. भावाची हकिगत ऐकून आजोबा म्हणाले, ‘‘आमची जमीन गेली, पण भांडायला हातात कागद तरी होता.’’ भावाच्या हातातही कागद आहे, सातबाराचा. त्यावर जमीन अजून त्याच्याच नावावर आहे आणि म्हणूनच त्याचे नुकसान कुठेही मोजले जात नाही.

आपल्या वृत्तपत्राला विनंती, येत्या १ जूनचे अहवाल मागवून खाणपट्ट्यातल्या पाण्याचे आकडे गावांच्या नावानिशी छापावेत. आमच्या गावात तो अंक चावडीवर वाचला जाईल, ते काम भावाने आपल्याकडे घेतले आहे.

आपली,
एक वाचक, घणसोली, नवी मुंबई