धरणांचा तक्ता नदीच्या क्रमाने छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या पेपरात धरणसाठ्याची चौकट रोज येते. आमच्या घरी पहिल्यांदा ती चौकट वाचली जाते, मग निधनवार्ता. मी गिरणा नदीवरच्या जामदा बंधाऱ्याच्या डाव्या कालव्यावर सत्तावीस वर्षे पाटकरी, म्हणजे शेतांना कालव्याचे पाणी वाटून देणारा, होतो. मोघे (कालव्यातून शेताकडे पाणी सोडायची तोंडे) उघडले, मोघे लावले, पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावांत लागलेली भांडणे सोडवली, रात्री-बेरात्री काठी आणि बॅटरी घेऊन कालव्याच्या भरावावरून फिरलो. त्या जोरावर हे पत्र लिहितो आहे.

आपला तक्ता जळगाव जिल्ह्याच्या हद्दीवर थांबतो आणि गिरणेचे बहुतेक पाणी हद्दीपलीकडून येते. मुळात आपले गिरणा धरणच नाशिक जिल्ह्यात आहे, नांदगाव तालुक्यात पांझणला. १९६९ साली ते पूर्ण झाले. पाणी पिते मुख्यतः चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल, आणि आम्ही मान वर करून बघतो आमच्या डोक्यावरचे आभाळ. भडगावात धो धो पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी शेजारी कुंपणावरून हाक मारतात, "दादा, धरनमा कितलं पानी ऊनं?" त्यांना मी दर वर्षी तेच सांगतो, बाबा, भडगाव धरणाच्या खाली आहे. इथला पाऊस चढून वर कसा जाईल? पाऊस कळवण-बागलाणात पाहिजे.

गिरणा निघते केमच्या डोंगरातून. तिथून पश्चिमेचा समुद्र जवळ, पण ही बाई पूर्वेला चालते. कळवण, देवळा, मालेगाव करत येते, मग उत्तरेला वळून आपल्या जिल्ह्यात शिरते आणि कानळद्याजवळ रामेश्वरला तापीत मिसळते. तापी पुन्हा पश्चिमेची. म्हणजे केमवर पडलेला थेंब सगळे खानदेश फिरून, गुजरातेतले उकाई धरण पाहून सुरतेला समुद्रात जातो. नातवाला हे नकाशावर बोटाने दाखवले तर म्हणाला, "एवढा फेरा कशाला?" खालची शेते भिजावीत म्हणून, असे मी त्याला सांगितले. भूगोलाच्या सरांना हे उत्तर चालणार नाही.

तर वरून क्रम असा आहे. खुद्द गिरणेवर इंग्रजी अमदानीतले चणकापूर. पुनंद नदीवर पुनंद धरण. आरम नदीवर केळझर, ही नदी सटाण्यावरून येते. मोसम नदीवर हरणबारी, आणि मोसम मालेगावात गिरणेला भेटते. ही चार भरली आणि सांडव्यावरून वाहू लागली की पुढचे पाणी थेट आपल्या धरणात. तेव्हा गिरणा भरणार का, हे गिरणेच्या आकड्यावरून जेवढे कळते त्याहून जास्त या चौघांवरून कळते. आणि नेमके हे चार आपल्या जळगाव आवृत्तीत नसतात! ते वाचायला मला एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून मालेगावचा पेपर मागवावा लागतो, तोही शिळा.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. चणकापूर २४२७ दशलक्ष घनफूट, पुनंद १३०६, हरणबारी ११६६, केळझर ५७२. चौघांची बेरीज ५४७१. एकट्या गिरणा धरणाचा उपयुक्त साठा १८,५०० दशलक्ष घनफूट, म्हणजे साडेअठरा टीएमसी. वरच्या चार धरणांनी पाणी अडवले म्हणून आपले धरण रिकामे, असे चहाच्या टपरीवर ठासून सांगणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी. चौघे मिळून गिरणेच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पुरत नाहीत. केळझर शंभर टक्के भरले याचा अर्थ गिरणेचे जेमतेम तीन टक्के. तेव्हा टक्क्यांच्या शेजारी दलघफूचा (दशलक्ष घनफुटांचा) रकाना हवाच. शिवाय शून्य टक्के म्हणजे धरण कोरडे, असेही लोक समजतात. गिरणेत खाली, कालव्यात न उतरणारा, तीन टीएमसी मृतसाठा असतो. दुष्काळात नदीकाठच्या पाणीयोजनांची भिस्त त्याच्यावरच असते.

विसर्गाचा आकडाही वाचता आला पाहिजे. दहा हजार क्युसेकने, म्हणजे सेकंदाला दहा हजार घनफूट, पाणी दिवसभर आले तर ते होते ८६४ दलघफू. गिरणेचा एक टक्का १८५ चा. म्हणजे दिवसाला साडेचार टक्क्यांहून थोडे जास्त. हे कळले की ठेंगोडा बंधाऱ्यावरून किती पाणी सुटले ते वाचून शेतकरी घरबसल्या अंदाज बांधील आणि रब्बीला गहू पेरायचा की हरभऱ्यावर भागवायचे, ते वेळेत ठरवील. २०१९ साली धरण भरले तेव्हा त्याच्या आधी बारा वर्षे ते भरलेले नव्हते. २०२३ सालीही भरले नाही. त्या वर्षी आवर्तनाच्या (कालव्याला सुटणाऱ्या पाण्याच्या पाळीच्या) भरवशावर गहू पेरणारे माझ्या गल्लीतच आहेत.

आता धरणाच्या खालचे. ते न कळल्याची किंमत माझ्या शेजाऱ्याने मोजली आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगाव शहरात शिरले, ते सगळ्यांना आठवत असेल. शेजाऱ्याची मोटार नदीपात्रातल्या विहिरीवर होती. धरण भरलेले नाही, दरवाजे उघडायचा प्रश्नच नाही, असे पेपरातला आकडा वाचून तो निवांत राहिला. मन्याड आणि तितूर या दोन्ही नद्या धरणाच्या खाली गिरणेला मिळतात, हे त्याच्या ध्यानी आले नाही. मोटार गेली, पाइप गेले, केबलचे भेंडोळे तेवढे बाभळीला अडकलेले सापडले. तक्त्यात मन्याड नदीवरचे धरण होते, पण कुठे? सुकी, मोर, अभोरा या सातपुड्याकडच्या धरणांच्या रांगेत, "मध्यम प्रकल्प" म्हणून. धरण मध्यम की मोठे, हे सरकारी कागदाला ठीक. मोटार काढायची की ठेवायची, हे त्यावरून कसे कळावे?

तापीचेही तसेच. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ पैकी किती दरवाजे उघडले ते आपण ठळक छापता. धरणाच्या वरच्या अंगाला बऱ्हाणपूरकडून तापीत आणि विदर्भातून पूर्णेत किती पाणी येते आहे, ही एक ओळ टाकली तर बातमी आदल्या दिवशीच कळेल.

माझी विनंती एवढीच, की गिरणेचा तक्ता वेगळा करावा. चणकापूर, पुनंद, केळझर, हरणबारी, मग गिरणा धरण, मग मन्याड, मग जामदा आणि दहिगाव बंधारा, याच क्रमाने वरून खाली. जागा लागत असेल तर राशिभविष्य चार ओळींनी कमी करा, आमच्या घरून तक्रार येणार नाही.

नमुन्यादाखल कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तक्ता आखून सोबत पाठवला आहे. जामद्याच्या खालचे सगळे माझ्या पायाखालचे आहे. वरचे ऐकून-वाचून लिहिले आहे, तरी केळझरची जागा थोडी इकडेतिकडे झाली असेल तर आपल्या सटाण्याच्या वार्ताहराने ती दुरुस्त करावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पाटकरी
ता. एरंडोल, जि. जळगाव