विषय: नवीन डायल स्टँडचा बेस डुलतो आणि तुमचा माणूस म्हणतो खाली कागद घाला

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या सर्व्हिसवाल्याचा फोन ठेवला. चौथा. डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप, धरणारा स्टँड कशाला लागतो ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच बनवता. सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या एकदम सपाट पाटावर, ठेवून एका कोपऱ्यावर नुसतं बोट दाबलं की काटा तीन रेघा पळतो, म्हणजे 0.03 मिमी, 30 मायक्रॉन, आणि आमच्या पार्टीला वॉल्व्हच्या प्लेटची सपाटी 20 मायक्रॉनच्या आत लागते.

पोऱ्या पहिल्याच दिवशी म्हणाला, "भाऊ, हाई ते हालस." मी त्यालाच झापलं, म्हटलं कंपनीचा माल आहे, तूच नीट पुसलं नसशील. मग बेस कुठे टेकतो ते बघायला सरफेस प्लेटला निळा रंग लावून बेस घासला, तर तिरप्या दोन कोपऱ्यांना निळं उठलं, बाकी सगळा कोरा. तोवर वॉल्व्हच्या 14 चांगल्या प्लेटा खराब समजून परत ग्राइंडिंगला मारून झाल्या होत्या.

आता आजचं ऐका. आधी म्हणे तुमची सरफेस प्लेट खराब असेल. मी सांगितलं, त्याच प्लेटवर, त्याच डायलने, वडिलांच्या काळचा तुमचाच बिडाचा स्टँड मस्त चालतो, काटा जागचा हलत नाही. मग म्हणे जळगावला ऊन फार, आमचं तपासणीचं सर्टिफिकेट 20 डिग्री तापमानाचं आहे. अहो मे महिन्यात इथे 45 होतं हे मान्य, पण बोट दाबलं की चढतं आणि उचललं की उतरतं असं ऊन आमच्या खान्देशात पण पडत नाही! आणि मग साहेब एकदम प्रेमाने म्हणाले, "सर, हलतं त्या बाजूला कागदाची घडी ठेवून बघा ना." घडी! टपरीवरच्या बाकड्याखाली घालतात तशी. साध्या झेरॉक्सच्या कागदाचा एक पदर 100 मायक्रॉनच्या आसपास भरतो, मला 20 मोजायचे आहेत, आणि स्टँड प्लेटवर सरकवायचा असतो, ती घडी काय चिकटवून फिरवू? मी विचारलं तुम्ही कधी डायल हातात धरलाय का, तर म्हणे "सर, तुमचा ऑपरेटर ट्रेन्ड आहे का?"

बेस डुलतो. परत लिहितो, बेस डुलतो, ऑपरेटर नाही.

जुन्या स्टँडकडे बघूनच तुमचा माल घेतला होता, वाईट वाटतं. आठ दिवसांत बदलून द्या नाहीतर निळं लागलेल्या बेसचा फोटो आणि तुमचा कागदाचा सल्ला एमआयडीसीतल्या सगळ्या ग्रुपवर टाकतो. कुरियरचं भाडं मी देणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.