वायर कशी उकळतात ते विचारलंस म्हणून

प्रिय संद्या,

तुझा शनिवारचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. खरं तर आधी काकूंचा गुडघा कसा आहे, पोरीचा दहावीचा अभ्यास कसा चाललाय ते विचारायला हवं, पण मेसेज ऐकल्यापासून डोक्यात दुसरं काही येतच नाहीये म्हणून सरळ विषयाला हात घालतो. वरच्या शेतातलं भात डुकरांनी एका रात्रीत लोळवलं, कापणीला आठ दिवस राहिले असताना, हे ऐकून पोटात गोळा आला रे. तिथली लावणी मी पण केलीय तुझ्याबरोबर, चिखलात गुडघाभर उभं राहून, त्यामुळे ते शेत कसं दिसत असेल ते मला इथे बसून दिसतंय.

आणि मग तू म्हणालास, "तू तिकडं ट्रॅपिंगचा, जनावरं फासात धरण्याचा, कोर्स केलास ना, ते लोक केबल उकळून बिनवासाची करतात म्हणे, ते नीट लिहून पाठव, इथं क्लचवायरची फासकी लावली तर डुक्कर बाजूनं जातो." लिहितो. काही लपवत नाही. पण शेवटपर्यंत वाच, अर्धं वाचून गडग्याकडे जाऊ नकोस.

इथे कॅनडात, फोर्ट मॅकमरेत, आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, मेटी आहेत, म्हणजे इथले मूळचे क्री लोक आणि फरच्या व्यापाराला आलेले फ्रेंच यांच्यातून तयार झालेला समाज. हडसन्स बे कंपनीला १६७० मध्ये सनद मिळाली तेव्हापासून या सगळ्या उत्तरेचं पोट बीव्हर, मार्टेन, लिंक्स अशा केसाळ जनावरांच्या कातड्यावर चाललं, आजोबांच्या घरात किती पिढ्या हेच केलं ते त्यांनाही मोजून सांगता येत नाही. त्यांची ट्रॅपलाइन सरकारदरबारी नोंदलेली आहे, जंगलाचा ठरावीक तुकडा, त्यात तेच ट्रॅप लावणार, दुसरा कोणी नाही. २०१६ च्या मे महिन्यात इथे वणवा आला, ८० हजारावर माणसं एका दिवसात शहर सोडून गेली, त्यात आजोबांची जंगलातली झोपडी पण गेली. ती परत बांधायला मी सुट्टीच्या दिवशी जायला लागलो आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

केबल शिजवायचं काम इथे सप्टेंबर संपता संपता करतात, बर्फ पडायच्या आधी. हो, शिजवायचं असंच म्हणतात ते. केबल असते जस्ताचा मुलामा दिलेली, विमानाच्या कंट्रोलला वापरतात तसली. ७ बाय ७ म्हणजे सात पेड आणि प्रत्येक पेडात सात बारीक तारा, एकूण ४९. कोयोटीसाठी, म्हणजे इथल्या कोल्ह्या-लांडग्यासारख्या जनावरासाठी, बहुतेक जण ५/६४ किंवा ३/३२ इंच घेतात, म्हणजे साधारण २ ते २.४ मिलिमीटर, आणि ही ३/३२ वाली दिसायला सुतळीएवढी पण तुटायला ९२० पौंड लागतात, सव्वाचारशे किलोच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

नवीन केबलला कारखान्यातलं तेल असतं आणि चकाकी असते. आजोबा परसात तीन दगडांची चूल मांडतात, अगदी आपल्या न्हाणीघरातल्या चुलीसारखी, त्यावर जुना पत्र्याचा डबा, २० लिटर पाणी, त्यात पाव किलोभर खायचा सोडा. पाणी उकळलं की सोड्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरतो तो धुण्याचा सोडा, म्हणून तेल सुटतं. तासभर उकळलं की वर तवंग येतो, तो काढायचा, पाणी बदलायचं, परत उकळायचं. वायर बाहेर काढून पाणी ओतून बघायचं, पाण्याचे थेंब गोळा होऊन ओघळले तर तेल अजून आहे, सारखं पसरलं तर गेलं. तोपर्यंत जस्ताची चकाकी पण जाते, मळकट राखाडी होते. टोकाला बसवायची जी छोटी नळी असते ती ॲल्युमिनियमची असेल तर ती या पाण्यात टाकायची नाही, सोडा ॲल्युमिनियमला खातो. आणि वायर जाळात टाकून काळी करायला तर ते अजिबात देत नाहीत, एक तर तारेचा ताव उतरतो आणि दुसरं म्हणजे जस्ताचा धूर छातीत जाऊन माणूस तापानं फणफणतो.

मग दुसरा डबा, त्यात स्प्रूसच्या फांद्या, आल्डरची साल, आणि त्या काळपट पाण्यात केबल रात्रभर. हे बघताना मला आपल्याकडचं हिरड्याचं पाणी आठवलं, त्यात लोखंड पडलं की कसं काळंभोर होतं. कोळी लोक पण पूर्वी सुती जाळी सालीच्या काढ्यात रंगवायचे ना, तसंच. आजोबांना हे सांगितलं तर म्हातारा इतका खूश झाला की बायकोला बोलावून परत सांगायला लावलं. वाळवायची ती झाडावर टांगून, गॅरेजमध्ये नाही कारण तिथे पेट्रोलचा वास, हात लावायचा तो धुतलेल्या मोज्यांनीच, आणि ठेवायची झाकणाच्या डब्यात स्प्रूसचा पाला घालून.

तर ही झाली तुला हवी होती ती माहिती. वास कमी होतो, पूर्ण जात नाही. पण संद्या, एक गोष्ट मला त्या डब्याशेजारी बसून कळली ती सांगतो. वायरीची चमक घालवली की ती फक्त डुकराला दिसेनाशी होत नाही. वासराला दिसेनाशी होते, कुत्र्याला होते, बिबट्याला होते, काळोखातून बॅटरी न घेता येणाऱ्या तुझ्या शेजारच्या पोराला होते. आणि म्हणूनच आजोबांचा खरा वेळ उकळण्यात जात नाही, त्याच्या नंतरच्या गोष्टींत जातो.

एक म्हणजे स्विव्हल, गरगर फिरणारी कडी, नाहीतर जनावर पीळ मारून वायर एका जागी तोडतं. मग लॉक, आवळलेला फास धरून ठेवणारा तुकडा. लॉकचे खूप प्रकार आहेत, काही एकदा आवळले की सैल होत नाहीत ते मारण्यासाठी, आणि काही ताण सोडला की सैल होणारे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन अशा राज्यांत या दुसऱ्या प्रकारचं लॉक लावून जनावर नुसतं धरून ठेवायचं, कुत्रा बांधल्यासारखं, याला ते केबल रिस्ट्रेंट म्हणतात. मग स्टॉप, म्हणजे वायरीवर एक छोटी गाठच समज, तिच्यापुढे फास आवळतच नाही, हरणाचा पाय अडकला तर तो निघावा म्हणून. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो ब्रेकअवे, एक एस आकाराचा हुक, ठरलेल्या ताकदीच्या पुढे ओढ बसली की तो सरळ होतो आणि अख्खा फास सुटतो. केबल ९२० पौंडाला तुटणार, पण हुक त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाच उघडणार. म्हणजे मोठं जनावर अडकलं तर ते निघून जावं अशी सोय वायरीतच करून ठेवलेली.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. गेल्या जानेवारीत उणे ३० मध्ये लाइनवर गेलो होतो, एका ठिकाणी फास नाही, नुसता उघडलेला हुक बर्फात पडलेला आणि पुढे मूसच्या, म्हणजे इथल्या प्रचंड हरणाच्या, खुरांचे ठसे, खोल खोल, झाडीत गेलेले. आजोबांनी हुक उचलला, खिशात टाकला, आणि "चांगलं झालं" एवढंच म्हणाले.

पण त्याच दिवशी दुसरं पण बघितलं आणि ते तुला सांगितलं नाही तर हे पत्र खोटं ठरेल. पुढच्या वळणावर कोयोटी होती, जिवंत. फास गळ्यात बसायच्या ऐवजी एक पाय आत घालून खांद्यावरून बसला होता. किती वेळ ती तशी होती माहीत नाही, सगळीकडे बर्फ उकरलेलं, बाजूची झुडपं चावून सोललेली. आजोबांनी .२२ ची बंदूक काढली, एका गोळीत संपवलं, आणि घरी येईपर्यंत दोन तास एक शब्द बोलले नाहीत. इतकी काळजी घेणारा माणूस, साठ वर्षांचा हात. कॅनडा, रशिया आणि युरोपीय संघाचा १९९७ चा ट्रॅपिंगचा करार आहे, त्यात मारणाऱ्या ट्रॅपनं किती सेकंदात जनावर बेशुद्ध व्हायला हवं ते ठरलंय, एर्मिनला ४५, मार्टेनला १२०, बाकीच्यांना ३००. आणि इथल्याच अल्बर्टातले गिल्बर्ट प्रू (Proulx) म्हणून संशोधक आहेत, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१५ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून लिहिलं की गळ्याचे फास कोयोटी-लांडग्यांना भरवशानं लवकर मारत नाहीत आणि नको ती जनावरं पण त्यात सापडतात. आजोबांना हे पटत नाही असं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी त्या वळणावर परत फास लावला नाही.

आता क्लचवायर बघ. स्विव्हल नाही, स्टॉप नाही, ब्रेकअवे नाही, लॉक म्हणजे वायरीचाच पीळ. सीझन नाही, परवाना नाही, आणि लावणारा तिसऱ्या दिवशी बघायला येणार, किंवा येणारच नाही. डुकराच्या वाटेनं बिबट्या पण चालतो, त्याला गडग्यातली तीच खिंड सोपी. तो बारीक कमरेचा, डोकं आणि खांदे आरपार जातात आणि फास बसतो पोटाला. मग तो ओढत राहतो आणि वायर आत आत जाते. वरून दिसायला ओरखडा, आत सगळं फाटलेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशा बातम्या मी इथून वाचतो आणि प्रत्येक वेळी गावाचं नाव बघताना छाती धडधडते.

आणि आपला कुत्रा मोत्या विसरलास का रे? मी विसरलो नाही. आपण सातवीत होतो, रात्रभर त्याला हाका मारत फिरलो, पऱ्याच्या पाण्यापलीकडे तो ओरडत होता ते ऐकू येत होतं पण काळोखात जागा सापडेना, सकाळी सापडला तेव्हा तुझ्या मांडीवर डोकं ठेवून गेला. ब्रेकची वायर होती, सायकलची. कोणी लावली होती ते आपल्याला माहीत होतं आणि आपण कोणीच काही बोललो नाही, कारण त्याच घरातून आपल्याला कधी कधी डुकराचा वाटा यायचा. खरं तेच बोलूया, फासकी नुसती भात राखायला कोणी लावत नाही, मटणासाठी पण लावतात.

आजोबांनी मला एकदा विचारलं, तुमच्याकडे कोण फास लावतं? मी फासेपारध्यांबद्दल सांगितलं, तित्तर, लावे, ससे धरणारे, रानाची खडानखडा माहिती असलेले, आणि इंग्रजांनी अख्ख्या जमातीवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला तो १९५२ मध्ये कायद्यानं पुसला पण लोकांच्या मनातून अजून नाही गेला. ते म्हणाले, आमचं पण तसंच. पुढे बराच वेळ आम्ही चहा पीत बसलो.

कायद्याचं तुला माहीत असेल तरी लिहितो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार या शब्दातच फास लावणं येतं, जनावर मेलं पाहिजे असं नाही. बिबट्या आणि गवा पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे तुझ्या वायरीत बिबट्या सापडला तर ३ ते ७ वर्षं. घरात तू एकटा कमावता.

नुकसानीचं असं कर. लोळवलेलं भात आहे तसंच ठेव, कापू नकोस, फोटो काढ, आणि लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घे, वेळ गेली की अर्ज घेत नाहीत. वनखात्याचा हेल्पलाइन नंबर १९२६ आहे, तिथे पण नोंदव. भरपाई तुझ्या घामाच्या मानानं काहीच नसते आणि फेऱ्या मारून चपला झिजतात, हे मला मान्य आहे, मी तुला शहाणपणा शिकवत नाहीये. पण बाकीच्या तीन शेतांना सौर झटक्याचं कुंपण करूया, मशीन आणि बॅटरीचे पैसे मी पाठवतो, यात मैत्रीचं उपकार वगैरे काही काढू नकोस, ते भात मी पण खाल्लंय. तार दोन पदरी, खालची गुडघ्याच्या बरीच खाली, डुक्कर नाक लावतो तिथे, आणि खालचं गवत दर आठवड्याला काढायचं नाहीतर करंट जमिनीत उतरतो. मशीन मात्र तयार झटक्याचंच घे, घरच्या लाइटीची वायर तारेला जोडायची नाही, त्यानं माणसं मेलीत.

मेसेजच्या शेवटी तू हळूच म्हणालास की दोन फासक्या ऑलरेडी लावल्यात, एक फणसाखालच्या खिंडीत आणि एक पऱ्याकडे. त्या आज काढ. उजेड असताना जा, कोयता घेऊन जा, एकटा जाऊ नकोस, लांबून आधी बघ आणि त्यात काही जिवंत असेल तर जवळ न जाता १९२६ ला फोन कर, माणसं जमू देऊ नकोस कारण गर्दी बघून ते जास्त ओढतं. रिकाम्या असतील तर वायर कापून तुकडे करून घरी आण, तिथे टाकू नकोस. आणि मग मला फोन कर. कितीही वाजले असले तरी कर, तुझी रात्र म्हणजे माझी सकाळ, मी जागाच असेन.

काकूंना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
विज्या