रुमानियाचा आलेख 1966 च्या आधीपासून छापा

महोदय,

रविवारच्या अंकातला पूर्व युरोपच्या घटत्या लोकसंख्येवरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार, मराठीत यावर फारसं कुणी लिहीत नाही. पण साम्यवादी राजवटीत निदान पाळणे तरी हलत होते आणि मोकळीक मिळताच बायकांना मुलं नकोशी झाली, हा त्यातला सूर वाचून माझा कालचा अख्खा दिवस संतापात गेला.

लेखकाने रुमानियाच्या जन्मदराचा आलेख 1990 पासून दिला आहे. तिथून सुरुवात केली की रेघ घसरतानाच दिसणार. ती त्या उंचीवर चढली कशी, ते का नाही सांगितलं? ऑक्टोबर 1966 मध्ये तिथला साम्यवादी हुकूमशहा चाउशेस्कू याने 770 क्रमांकाचं फर्मान काढून गर्भपातावर बंदी घातली. गर्भनिरोधकं मिळेनाशी झाली. बाईमागे सरासरी 1.9 मुलं होती, तो आकडा 1967 मध्ये एकदम 3.7 वर गेला. मग बायकांनी चोरवाटा शोधल्या आणि तो पुन्हा उतरत गेला. राजवट पडेपर्यंत अंदाजे 10 हजार बायका चोरून केलेल्या गर्भपातात मेल्या. अनाथालयांत लाखावर मुलं होती, आणि त्यातल्या बहुतेकांचे आईबाप जिवंत होते!

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं बुखारेस्टला होतो. घरमालकीणबाई समोरच्याच दारात राहायच्या. सप्टेंबर आला की त्या गॅसवर वांगी भाजून हिवाळ्यासाठी बरण्या भरायच्या, मी मदतीला जायचे. अशीच एकदा वांगी सोलत बसलो असताना त्यांनी धाकट्या बहिणीचं सांगितलं. ती कापडगिरणीत कामाला होती. ठरावीक महिन्यांनी तिथे डॉक्टर यायचे आणि बायकांना रांगेत उभं करून तपासायचे, कुणाला दिवस गेलेत का ते बघायला. दोन मुलगे पदरात, पाव रेशनवर, थंडीत घर गरम करायला गॅस धड नाही, आणि हिला तिसऱ्यांदा दिवस राहिले. तिने घरीच कुणाकडून तरी करवून घेतलं. रक्त थांबेना म्हणून दवाखान्यात नेली, तर खाटेशेजारी पोलीस येऊन बसला. ज्याने केलं त्याचं नाव सांग, मग उपचार. तिने नाव सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी गेली. तिचे दोन्ही मुलगे बाईंनीच वाढवले.

तुमच्या लेखकाला ज्या पाळण्यांचं कौतुक वाटतं, त्यांची ही किंमत होती. चाउशेस्कूला गोळ्या घातल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 26 डिसेंबर 1989 ला, नव्या सरकारने ही बंदी उठवली. गर्भारपण-बाळंतपणातले मृत्यू वर्षभरात जवळपास निम्म्यावर आले. लेखात याचा उल्लेखही नाही.

आता लोकसंख्येचं. 1992 च्या जनगणनेत रुमानियात 2 कोटी 28 लाख माणसं होती, 2021 मध्ये 1 कोटी 90 लाख उरली. नव्वदच्या दशकात कारखाने बंद पडले, पगाराला किंमत राहिली नाही, तेव्हा मुलं कमी झाली हे खरंच आहे. एकेकाळच्या पूर्व जर्मनीच्या भागात तर 1994 साली बाईमागे मुलांचा आकडा 0.77 पर्यंत खाली गेला होता. पण 2021 साली रुमानियात बाईमागे 1.8 मुलं होती, म्हणजे जवळपास फ्रान्सइतकी. तिथल्या बायकांना मुलं नकोत, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? माणसं गेली ती इटली, स्पेन, जर्मनीला. एकट्या इटलीत 10 लाखांवर रुमानियन आहेत. बाईंनी वाढवलेला धाकटा भाचा तुरीनला बांधकामावर होता, त्याची बायको तिथल्याच एका म्हाताऱ्या जोडप्याचं सगळं बघायची आणि त्यांची लेक मात्र बुखारेस्टला बाईंच्या गळ्यात. तरुण माणूसच गावात नाही म्हटल्यावर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होणार नाहीत तर काय होईल!

हंगेरीने चार मुलांच्या आईला आयकर माफ केला, तो कित्ता गिरवावा असंही लेखात सुचवलंय. तिथला बाईमागे मुलांचा आकडा 2021 मध्ये 1.6 च्या आसपास पोचला आणि 2024 मध्ये 1.4 च्याही खाली आला. हे लेखकाला ठाऊक नसेल, तर संपादकीय विभागाने तरी तपासायला हवं होतं.

जाता जाता आणखी एक. पाणीपट्टीबद्दलचं माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापून छापलंत आणि उरलेल्याचा अर्थ उलटा झाला. आजकाल वाचकांच्या पत्रांची जागा जाहिरातींना जाते, ते दिसतंच आहे. या वेळी जागा नसेल तर हंगेरीचा परिच्छेद काढा, गिरणीतल्या बाईचा काढू नका. आणि तो आलेख 1960 पासून काढून त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या आकारात पुन्हा छापा, ही विनंती.

— एक वाचक, नाशिक